डॅशबोर्डची भोकं, डोअर पॅडची चीर आणि एम-सील

वाचकाचं पत्र:

"बाबांनी गाडी चालवणं बंद केलं आणि त्यांची अकरा वर्षं जुनी हॅचबॅक आता मुलुंडला माझ्याकडे आली आहे. इंजिन उत्तम आहे, पण आतून गाडी बघवत नाही. डॅशबोर्डच्या मधोमध गणपतीचा स्टँड स्क्रूने बसवलेला होता, तो निघाला आणि दोन भोकं राहिली. जुनी म्युझिक सिस्टिम काढून टचस्क्रीन बसवली, तिच्या दोन्ही बाजूंना बोट जाईल एवढी फट आहे. ड्रायव्हरच्या डोअर पॅडला हँडलखाली चार बोटं लांबीची चीर गेली आहे, दार ओढलं की ती उघडते. समोरच्या काचेशेजारचं पिलरचं कव्हर वरून सुटल्यासारखं दिसतं आणि एलबीएस मार्गावरच्या खड्ड्यांत खडखडतं. गॅरेजवाला म्हणतो, सगळीकडे एम-सील मारू आणि वरून काळा स्प्रे. भाऊ म्हणतो, फेवीक्विक आणि खायचा सोडा. नवऱ्याकडे ग्लू गन आहे, तो तीच घेऊन मागे लागलाय. नेमकं काय भरू?"
– एक वाचक, मुलुंड

ताई,

तुमच्या चार जागांपैकी दोनच भरायच्या आहेत: डॅशबोर्डची भोकं आणि डोअर पॅडची चीर. स्क्रीनशेजारची फट भरायची नाही, झाकायची आहे. पिलरच्या कव्हरमागे तर काहीच भरायचं नाही. तिथे प्रश्न नुसता दिसण्याचा नाही, जिवाचाही असू शकतो, त्याबद्दल खाली नीट लिहिते. तिघांनी सुचवलेल्या वस्तूंपैकी एकच एका जागी चपखल बसते, ती गॅरेजवाल्याची. फक्त त्याचं "सगळीकडे" ऐकू नका.

काय भरू, हा प्रश्न सगळे पहिला विचारतात. माझ्या मते तो तिसरा आहे. आधी बघायचं की ही फट हलते का. मग बघायचं की प्लास्टिक कुठलं आहे. एवढं कळलं की दुकानात जाऊन काय मागायचं ते जवळजवळ ठरूनच जातं.

गाडीचा आतला भाग आपल्याला एकसंध दिसतो, पण तो सुट्या तुकड्यांचा असतो आणि त्या तुकड्यांमध्ये कंपनीने मुद्दाम जागा सोडलेली असते. कारण ऊन. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेंपी शहरात संशोधकांनी उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाड्यांच्या आत मोजमाप केलं होतं. बाहेर ३८ अंशांच्या वर तापमान असताना आतली हवा सरासरी ४७ अंशांपर्यंत गेली आणि डॅशबोर्ड ६९ अंशांपर्यंत. मार्च महिन्यात पूर्वेचा वारा सुटतो तेव्हा आपल्याकडेही पारा ३८ ओलांडतो, आणि सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये दुपारभर उभ्या असलेल्या गाडीला सुटका नसते. प्लास्टिक तापलं की फुगतं, लोखंडापेक्षा कितीतरी जास्त. एबीएस प्लास्टिकची ५० सेंटिमीटर लांब पट्टी ४० अंशांनी तापली तर साधारण दीड मिलिमीटरने वाढते. संध्याकाळी ती परत आखडते. रोज.

आता दोन सुट्या भागांमधल्या फटीत एखादी कडक वस्तू ठासून भरा. काही दिवसांत तीन गोष्टींपैकी एक होणारच. भरलेला माल तडकून सुटेल, किंवा पट्टीला वाढायला जागा न उरल्याने ती मधूनच उचलली जाईल, किंवा दोन कडक कडा एकमेकांवर घासून कुरकुर सुरू होईल. वर उद्या कुणाला वायरिंगसाठी तो भाग उघडायचा झाला तर तोडूनच काढावा लागेल. म्हणून माझा नियम साधा आहे. दोन भागांमधली फट असेल तर एकतर भाग जागेवर बसवायचा किंवा मध्ये मऊ काहीतरी द्यायचं. एकाच भागाला भोक पडलं असेल, चीर गेली असेल, तरच कडक माल भरायचा.

ओळखायचं कसं? फटीच्या दोन्ही बाजूंना एकेक अंगठा ठेवून आळीपाळीने दाबा. एक बाजू हलते आणि दुसरी तशीच राहते, तर ते दोन भाग आहेत. दोन्ही बाजू एकदम दबतात आणि कड खरबरीत, तुटल्यासारखी लागते, तर ती चीर.

आता प्लास्टिक. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण बहुतेक कामं इथेच फसतात आणि दोष मात्र चिकटवणाऱ्या मालाला मिळतो.

गाडीच्या जवळजवळ प्रत्येक प्लास्टिकच्या भागावर मागच्या बाजूला प्लास्टिकचं नाव उठवलेलं असतं, दोन टोकदार कंसांच्या मध्ये. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. एबीएस हे दुसरं, वेगळं प्लास्टिक. पीसी अधिक एबीएस असं लिहिलेलं असेल तर दोघांचं मिश्रण. बऱ्याचदा पीपी अधिक ईपीडीएम आणि पुढे टी किंवा टीडी २० असंही दिसेल. त्याचा अर्थ पॉलिप्रॉपिलीनमध्ये थोडं रबर आणि वजनाने २० टक्के टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची पूड. तुमच्या वर्गातल्या गाड्यांमध्ये डॅशबोर्डचं कडक कवच, डोअर पॅड आणि पिलरची कव्हरं सहसा पीपीची असतात. स्क्रीनभोवतीची चकचकीत किंवा रंगवलेली पट्टी, एसीच्या जाळ्यांची चौकट वगैरे बहुधा एबीएस. सहसा म्हणतेय, म्हणून भाग काढल्यावर शिक्का वाचाच.

शिक्का सापडला नाही तर काही जण पाण्याची परीक्षा सांगतात: तुकडा तरंगला तर पीपी, बुडाला तर एबीएस. घरातल्या डब्यांच्या बाबतीत ती बरोबर आहे. पीपीची घनता ०.९० च्या आसपास असते आणि एबीएसची १.०५ च्या. पण २० टक्के टाल्क घातलेलं पीपीही जवळजवळ १.०५ वर जातं आणि सरळ बुडतं. त्यामुळे गाडीच्या भागांसाठी ही परीक्षा दगा देते. त्यापेक्षा ॲसिटोन वापरा. भागाच्या मागे, कुणाला दिसणार नाही अशा जागी, कापसाच्या बोळ्याने एक थेंब लावा आणि अर्ध्या मिनिटाने बोट टेकवा. चिकट लागलं, पृष्ठभाग मऊ झाला, तर एबीएस. काहीच झालं नाही तर बहुधा पीपी. नेलपॉलिश रिमूव्हर घेणार असाल तर बाटली वाचून घ्या, हल्ली बरेचसे बिनॲसिटोनचे असतात. धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये भंगारातलं प्लास्टिक निवडणारे कामगार तुकडा हातात घेऊन, वाजवून, टोक पेटवून, वास घेऊन प्लास्टिकची जात सांगतात. त्यांची नजर आणि नाक वर्षानुवर्षांच्या कामाने तयार झालेलं असतं. आपण घरी प्लास्टिक जाळून हुंगायला जाऊ नये, तो धूर वाईट.

एवढा खटाटोप कशासाठी, तर पीपीला जवळजवळ काहीच धरून राहत नाही. त्याच्या पृष्ठभागावर पाणीसुद्धा पसरत नाही, थेंब थेंब होऊन उभं राहतं. गोंदाचंही तेच होतं. अराल्डाइट असो, फेवीक्विक असो, पत्र्याला लावायची पॉलिएस्टर पुट्टी असो, पीपीवर नुसती लावली तर वाळल्यावर नखाने अख्खी खपली निघते. एबीएसवर मात्र याच गोष्टी बऱ्यापैकी धरतात, आणि ॲसिटोनमध्ये तर एबीएस स्वतःच विरघळतं. त्यामुळे एकाच गाडीत, वीतभर अंतरावर, एका भागाला चालणारा उपाय दुसऱ्याला चालत नाही.

आता तुमच्या जागा एकेक करून घेऊ.

डॅशबोर्डची दोन भोकं. स्टँड मधोमध होता म्हणता, तरी एकदा खात्री करा की भोकं डाव्या बाजूच्या एअरबॅगच्या झाकणात नाहीत. काही गाड्यांत त्या झाकणाची रेघ वरून दिसते. काहींत ती दिसतच नाही, प्लास्टिक आतून पातळ करून फाटायची जागा ठेवलेली असते. आपल्याकडे ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली आणि शेजारच्या सीटची २०२१ मध्ये. तुमची गाडी त्याआधीची, म्हणजे एअरबॅग आहे की नाही हे मॉडेलच्या कुठल्या व्हेरिएंटवर अवलंबून. डॅशबोर्डवर किंवा सनव्हायजरवर 'एअरबॅग' किंवा 'एसआरएस' असं लिहिलेलं आहे का ते बघा. भोकं त्या झाकणात असतील तर काही भरू नका, अधिकृत सर्व्हिस सेंटरला दाखवा. नवा गणपती बसवणार असाल तर तोही त्या झाकणावर नको. एअरबॅग उघडली तर समोरची मूर्ती थेट माणसाच्या तोंडावर येते.

भोकं मधल्या साध्या भागात असतील तर इथे एम-सील खरंच चालतं. पीपीला ते चिकटणार नाही, पण इथे चिकटायची गरजही नाही, अडकलं की पुरे. जाड ड्रिल बिट हातात धरून भोकाची वरची कड किंचित तिरकी करून घ्या, म्हणजे तोंड वाटीसारखं पसरट होईल. डॅशबोर्डला आजवर जे चमकवायचे स्प्रे मारले गेले असतील त्यात सिलिकॉन असतं आणि त्यावर काहीच टिकत नाही. म्हणून भोकाभोवती साबणाच्या पाण्याने पुसा आणि वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने. एम-सीलचे दोन्ही भाग सारखे घेऊन रंगाची एकही रेघ उरणार नाही इतके मळा. शेंगदाण्याएवढी गोळी भोकात दाबा आणि थोडा माल पलीकडे उतरू द्या. तो मागे पसरतो, पुढे वाटीत बसतो, आणि रिव्हेटसारखा दोन्हीकडून धरून राहतो. वर आलेला माल ओल्या बोटाने सपाट करा, पण पृष्ठभागापेक्षा केसभर खालीच ठेवा. नंतर घासत बसावं लागलं तर आजूबाजूचा दाणा, म्हणजे प्लास्टिकवरचा पोत, जातो. तो दाणा परत आणणं हे या सगळ्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे.

दाण्याबद्दल आणखी थोडं. डॅशबोर्डवरचा चामड्यासारखा पोत साच्यातूनच आलेला असतो. सपाट एम-सीलवर कितीही चांगला काळा रंग मारला तरी तिरप्या उजेडात तो ठिपका गुळगुळीत दिसणार. उपाय आहे, जरा निगुतीचा आहे. डॅशबोर्डच्याच चांगल्या जागेचा ठसा आधी घेऊन ठेवायचा. हस्तकलेच्या दुकानात दोन भागांचं मोल्डिंग सिलिकॉन मिळतं. त्याचा रुपयाएवढा तुकडा चांगल्या पोतावर दाबून घट्ट होऊ द्या, मग सोलून घ्या. एम-सील भरल्यावर, ते अजून दबतंय तोवर, हा ठसा पाण्याने ओला करून त्यावर दाबा. उजळणी म्हणून आधी एखाद्या पुठ्ठ्यावर करून बघा. रात्रभर तसंच राहू द्या. रंग लावाल तो मॅटच घ्या. डॅशबोर्डचा वरचा भाग चकचकीत झाला की त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि दुपारी रस्ता दिसायला त्रास होतो. गॅरेजवाल्याचा स्प्रे याच कारणासाठी मला नको वाटतो. तो आधी पीपीवर टिकणार नाही, आणि टिकलाच तर चमकेल. पीपीवर रंग मारण्याआधी प्लास्टिक प्रायमर लागतो, आणि डब्यावर पॉलिप्रॉपिलीनचं नाव असलेलाच घ्या. त्याला अॅडहिजन प्रमोटर असंही म्हणतात.

इतकं करायची इच्छा नसेल तर दोन काळे प्लास्टिकचे होल प्लग घ्या आणि दाबून बसवा. त्यात काही कमीपणा नाही. बाबांच्या हातची ती भोकं आहेत, नीट झाकलेली दिसली तरी कुणाचं काही बिघडत नाही.

स्क्रीनची फट. बोट जाईल एवढी म्हणताय, तर बहुधा हिशेब असा आहे: बाजारातल्या प्रमाणित डबल डिन (दुप्पट उंचीच्या मापाच्या) सिस्टिमचं तोंड १७८ मिलिमीटर रुंद असतं आणि बऱ्याच जपानी घराण्याच्या गाड्यांमधली जागा २०० मिलिमीटर. उरलेले २२ मिलिमीटर दोन बाजूंना ११-११ वाटले जातात. यासाठी बाजूच्या पट्ट्या आणि गाडीच्या मॉडेलप्रमाणे अख्खी फ्रेम तयार मिळते. बसवणाऱ्याने ती लावायलाच हवी होती. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाडीच्या सामानाच्या दुकानांत गाडीचं नाव आणि साल सांगा, जुन्या चौकटीचा फोटो दाखवा. इथे पुट्टी, फोम, सिलिकॉन काहीही भरू नका. स्क्रीनच्या मागचा भाग तापतो, त्याला हवा लागते, आणि उद्या बिघडली तर ती काढायलाही लागेल. फ्रेम बसवल्यावर पाव-अर्धा मिलिमीटरची रेघ राहिली तर ती राहू द्या, ती असायलाच हवी.

तुमची मूळ चौकट एबीएसची असेल आणि तिचा कोपरा किंवा लॉक तुटलं असेल, तर एक चांगला उपाय सांगून ठेवते. त्याच चौकटीच्या मागच्या, न दिसणाऱ्या कडेचे बारीक तुकडे कापून काचेच्या छोट्या बाटलीत घाला, बुडतील एवढंच ॲसिटोन ओता आणि झाकण लावून रात्रभर ठेवा. सकाळी धिरड्याच्या पिठाइतकं सैल मिश्रण तयार होतं. ते तुटलेल्या जागी पातळ थरांत लावायचं. प्रत्येक थर वाळू द्यायचा, कारण ॲसिटोन उडून गेलं की माल आकसतो आणि मध्ये खड्डा पडतो. वाळल्यावर तो भाग पुन्हा एबीएसच असतो, वेगळं काही चिकटवलेलं नसतं. म्हणून तापमानाने फुगतानाही बाकीच्या चौकटीबरोबरच फुगतो. हे मागच्या बाजूने करा. पुढच्या चकचकीत बाजूवर थेंब पडला तर डाग कायमचा. ॲसिटोनची वाफ लगेच पेट घेते. स्वयंपाकघरात नको, देवघरात दिवा लागलेला असेल त्या खोलीत नको, बाल्कनीत करा.

डोअर पॅडची चीर. हे तुमच्या यादीतलं खरं काम. भाग पीपीचा, जागा हँडलखालची, आणि प्रत्येक वेळी दार ओढताना तिथे जोर पडतो. इथे एम-सील भरलं तर ते आठवड्याभरात कडेने सुटेल. फेवीक्विक आणि सोड्याचंही इथे काही चालणार नाही. ते मिश्रण क्षणात दगडासारखं घट्ट होतं, पण ठिसूळ असतं, आणि पीपीवर फेवीक्विक तसंही धरत नाही. शिवाय त्याची वाफ आजूबाजूच्या काळ्या प्लास्टिकवर पांढरी पुटं चढवते, आपल्याकडच्या दमट हवेत जास्तच. घासायला गेलात तर शेजारचं मऊ प्लास्टिक आधी झिजतं आणि मधला उंचवटा तसाच राहतो. भावाची युक्ती एबीएसच्या तुटक्या लॉकला मागून लावण्यापुरती ठीक आहे.

पीपीला पीपीनेच सांधायचं, वितळवून. बंपर दुरुस्त करणारी गॅरेजं प्लास्टिक वेल्डिंग रोज करतात, त्यामुळे पॅड काढून त्यांच्याकडे नेलात तर उत्तम. घरी करायचं असेल तर असं करा. पॅड काढताना हँडलच्या वाटीतले आणि कडेचे स्क्रू आधी शोधा, मग भोवतीची लॉकं एकेक करून सोडवा. मागे पातळ प्लास्टिकचा पडदा दाराच्या पत्र्याला चिकटवलेला दिसेल. तो फाडू नका. पावसाचं पाणी काचेच्या खाचेतून दारात उतरतं आणि खालच्या छिद्रांतून बाहेर जातं. ते आत येऊ नये म्हणून तो पडदा असतो. पुष्कळ लोकांच्या गाडीत जुलैमध्ये पायाखालचं कार्पेट ओलं होतं, आणि मूळ बघायला गेलं तर कधीतरी डोअर पॅड काढताना फाटलेला हाच पडदा सापडतो.

पॅड पालथं ठेवा. चीर जिथे संपते तिथे दोन-तीन मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकणार नाही. मागच्या बाजूने, चिरेच्या लांबीभर, ब्लेडने व्ही आकाराची खाच करा, पण आरपार जाऊ नका. पुढची बाजू टेपने घट्ट आवळून ठेवा. भरायला पीपीचीच पट्टी हवी. वेल्डिंगची तयार काडी मिळते, नाहीतर जेवणाच्या पार्सलचा डबा उलटा करून बघा, त्रिकोणात ५ आकडा असेल तर तो पीपी. नायलॉनची केबल टाय वापरू नका, नायलॉन आणि पीपी एकजीव होत नाहीत. सोल्डरिंग आयर्नने खाचेच्या दोन्ही भिंती आणि पट्टी एकदम वितळली पाहिजे. नुसती पट्टी वितळवून वर ओतली तर ती वाळून सुटते. पीपी १६० अंशांच्या जरा पुढे वितळतं आणि साधं आयर्न त्याहून कितीतरी जास्त तापतं. धूर दिसला की हात उचला, कारण तिथे प्लास्टिक जळायला लागलेलं असतं आणि जळलेला सांधा ठिसूळ होतो. खिडकी उघडी ठेवा. सांध्यावर स्टेनलेस स्टीलच्या बारीक जाळीचा तुकडा ठेवून आयर्नने दाबत प्लास्टिकमध्ये बुडवला तर जोर तीच घेते. जाळी नागदेवी स्ट्रीटवर हार्डवेअरवाल्यांकडे मिळेल. हँडलखालच्या सांध्याला मी ती लावायला सांगेनच.

पुढून एक बारीक रेघ दिसेल. ती तशीच राहू द्या. भरायला, घासायला गेलात तर दाणा जाईल आणि चार बोटांच्या चिरेच्या जागी वीतभर गुळगुळीत पट्टा होईल.

वितळवण्याचं काम नको असेल तर पीपीसाठीच बनवलेले दोन भागांचे अॅक्रिलिक चिकटवणारे माल मिळतात, उदाहरणार्थ थ्रीएमचा डीपी ८००५. चांगले आहेत, महाग आहेत, आणि एका चिरेसाठी अख्खी ट्यूब घ्यावी लागते. तो खर्च करण्याआधी जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे त्याच रंगाचं अख्खं डोअर पॅड विचारून बघा. अकरा वर्षांच्या गाडीचं बहुतेक वेळा मिळतं.

पिलरचं कव्हर. काही गाड्यांत या कव्हरमागे, छताच्या कडेने, कर्टन एअरबॅग गुंडाळलेली असते. कव्हरवर 'एअरबॅग' किंवा 'एसआरएस' लिहिलेलं असेल तर हात लावू नका. तिथली लॉकंसुद्धा खास असतात. एअरबॅग फुगताना कव्हर सुटून माणसाच्या अंगावर उडू नये म्हणून ती बनवलेली असतात. तिथे स्क्रू मारणं, गोंद लावणं, आत फोम कोंबणं यातली प्रत्येक गोष्ट घातक. काहीच लिहिलेलं नसेल तर कव्हर सुटायचं कारण बहुधा एवढंच, की वरचं लॉक तुटलंय किंवा खाचेत बसलेलं नाही. जुनं लॉक नमुन्याला घेऊन जा, तसंच नवं आणा. नवं लॉक बसवूनही खडखड राहिली तर जिथे कव्हर पत्र्याला किंवा डॅशबोर्डला टेकतं तिथे, आतल्या बाजूला, फेल्टची पट्टी किंवा वायरिंगवर गुंडाळतात ती कापडी टेप लावा. प्लास्टिक प्लास्टिकवर घासून होणारा आवाज कापडाने जातो. स्वस्त स्पंजच्या टेपचा काही वर्षांत चुरा होतो, ती नको.

राहिली नवऱ्याची ग्लू गन. तिची कांडी गरम करूनच वितळवायची असते, आणि ६०-७० अंशांना ती पुन्हा मऊ पडून सरकायला लागते. डॅशबोर्ड उन्हात कुठवर तापतो ते वर आलंच आहे. गाडीत ती फक्त सावलीतल्या, जोर न पडणाऱ्या जागी, पायाजवळची एखादी वायर धरून ठेवायला वापरा. आणि बाथरूमचं सिलिकॉन कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. एकदा ते लागलं की त्या जागेवर पुढे रंगही धरत नाही आणि दुसरा गोंदही. व्हिनेगरसारखा वास येणारं तर जवळच्या धातूच्या जोडांना गंजवतंही.

पावसाळ्यात हे काम करणार असाल तर एक लक्षात ठेवा. दमट हवेत एम-सील, अराल्डाइट यांसारख्या इपॉक्सी मालावर वाळताना तेलकट, चिकट थर येऊ शकतो. तसाच रंग मारला तर सोलून निघतो. दुसऱ्या दिवशी कोमट साबणाच्या पाण्याने तो धुवा, कोरडं होऊ द्या, मगच पुढचं. स्प्रेचा रंग भर पावसात मारू नका, त्यावर पांढरट झाक येते. दोन दिवस उघडीप मिळेल तेव्हा भाग घरात आणून करा.

क्रम मी असा धरेन. आधी पिलरचं लॉक आणि स्क्रीनची फ्रेम, एकाच फेरीत दोन्ही मिळतील. मग डोअर पॅड. डॅशबोर्डची भोकं सगळ्यात शेवटी, कारण तोवर अशा कामावर हात बसलेला असेल आणि ती जागा रोज डोळ्यांसमोर राहणार आहे. डोअर पॅड उतरवलंत की मागचा शिक्का वाचून मला कळवा. पीपीऐवजी एबीएस निघालं तर वेल्डिंग बाजूला ठेवून ॲसिटोनच्या मिश्रणाने आणि मागून जाळी देऊन काम होईल, त्याची रीत सविस्तर लिहून पाठवते.